चित्रातलं जठर आणि पोटातलं जठर

जठराबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. पत्रांचा ढीग आला. बहुतेकांचा घोटाळा एकाच जागी झालेला दिसतो: शाळेच्या पुस्तकातली ती इंग्रजी 'जे'सारखी वाकडी पिशवी डोक्यात पक्की बसलेली आहे, आणि स्वतःचं पोट काही तिच्याप्रमाणे वागत नाही. मी आयुष्यभर शरीररचनाशास्त्र शिकवलं, रुग्ण तपासले नाहीत. त्यामुळे 'कोणती गोळी घेऊ' असं विचारणारी पत्रं बाजूला ठेवली आहेत. त्या मंडळींनी आपल्या डॉक्टरांना गाठावं.

बाई, नमस्कार. पोट दुखतं म्हणून मी डॉक्टरांना बेंबीजवळ हात ठेवून दाखवलं. त्यांनी छातीच्या हाडाच्या टोकाखाली दाबून पाहिलं आणि म्हणाले, 'जठर इथे असतं.' मग जेवल्यावर बेंबीखाली फुगतं ते काय? नेमकं कुठे असतं हे जठर? – एक गृहिणी

तुम्ही कशा आहात त्यावर ते अवलंबून आहे. म्हणजे उभ्या की आडव्या, जेवलेल्या की उपाशी, उंच-सडपातळ की बुटक्या-रुंद. चेष्टा नाही करत.

जठराची पक्की म्हणावी अशी दोनच टोकं. अन्ननलिका जिथे उघडते ते वरचं तोंड डावीकडच्या सातव्या बरगडीच्या कूर्चेमागे, मध्यरेषेपासून दोन-तीन सेंटिमीटर डावीकडे असतं. ते फारसं हलत नाही. खालचं तोंड म्हणजे पायलोरस. ते तुम्ही स्वतः शोधू शकता. उताणं पडा. गळ्याखाली जी खळगी लागते तिथपासून ओटीपोटाच्या तळाशी समोर हाताला लागणाऱ्या हाडापर्यंतचं अंतर घ्या आणि त्याचा मध्य काढा. त्या मध्याच्या किंचित उजवीकडे, खोलवर पायलोरस असतो. हात तिथे ठेवून तो हाताला लागणार नाही, पण जागा तीच. तुमच्या डॉक्टरांनी दाबलं ते या दोन टोकांच्या मधे.

आता या दोन टोकांमधला भाग दोन खुंट्यांना अडकवलेल्या झोळीसारखा आहे. रिकामी असताना आक्रसून वर असते, आत काही पडलं की खाली येते. उपाशी माणसाच्या जठरात जेमतेम ५० ते ७५ मिलिलिटर मावेल एवढीच पोकळी असते आणि भरपेट जेवणानंतर तेच लिटर-दीड लिटर सहज सामावून घेतं. उंच, किडकिडीत माणूस जेवून उभा राहिला तर जठराची खालची कड बेंबीच्याही खाली उतरते, काहींची तर ओटीपोटापर्यंत जाते. रुंद बांध्याच्या माणसात ते वर, आडवं, बरगड्यांच्या आडोशाला असतं आणि तिथेच राहतं. दोन्ही जठरं निरोगी. तेव्हा बेंबीजवळ हात ठेवला म्हणून तुमचं काही चुकलं नाही. मात्र जेवणानंतर बेंबीखाली फुगलेलं दिसतं त्यात आतडी, त्यातली हवा आणि सैलावलेली पोटाची भिंत यांचाच वाटा मोठा असतो.

मग पुस्तकातलं चित्र एकच का? कारण ते बहुतांशी विच्छेदनाच्या टेबलावरून आलेलं आहे. तिथलं शरीर आडवं असतं, फॉर्मलिनने कडक झालेलं असतं आणि हलत नाही. जिवंत जठर कसं वागतं हे क्ष-किरण आल्यावरच नीट दिसू लागलं. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. पुढच्याच वर्षाअखेरीस हार्वर्डमध्ये वैद्यकाच्या पहिल्या वर्षात शिकणारा वॉल्टर कॅनन प्राण्यांच्या अन्नात क्ष-किरणांत उठून दिसणारं बिस्मथ मिसळून ते पडद्यावर कसं सरकतं हे पाहत बसला होता. मांजरीच्या जठरावरून लाटा जाताना त्याला दिसल्या. मांजर चिडली की लाटा बंद, शांत झाली की पुन्हा सुरू. मेलेल्या जठरावर हे कोणाला दिसणार?

शेजाऱ्यांचंही सांगते, कारण दुखणं कुठे जाणवतं ते बऱ्याचदा शेजाऱ्यांवर ठरतं. पुढून उजवा भाग यकृताच्या डाव्या पाळीने झाकलेला असतो. डाव्या अंगाला प्लीहा, मागे स्वादुपिंड, खाली आडवं मोठं आतडं आणि वर श्वासपटल. श्वासपटलाच्या वरच्या बाजूला, बोटभराच्याही आत, हृदय टेकलेलं असतं. जठराच्या मागच्या भिंतीला व्रण झाला तर दुखणं पाठीत निघू शकतं ते या शेजाऱ्यांमुळेच. आणि हृदयाचं दुखणं 'गॅस झाला असेल' म्हणून लोक अंगावर काढतात, त्यालाही हा शेजार थोडा जबाबदार आहे. छातीत दाटून आलं, घाम फुटला, तर जठराची रचना आठवत बसू नका. दवाखाना गाठा.

मॅम, मी दहावीत आहे. जठरातल्या आम्लाने धातूसुद्धा झिजतो असं सरांनी सांगितलं. मग जठर स्वतःच कसं विरघळत नाही?

प्रश्न छान आहे आणि त्याने मोठमोठ्यांना छळलं आहे. तुला एक गंमत सांगते: कधीकधी ते विरघळतंच! फक्त त्या वेळी माणूस जिवंत नसतो. जॉन हंटर या लंडनच्या शल्यचिकित्सकाने १७७२ साली यावरच निबंध वाचला. अचानक मेलेल्या काही माणसांच्या जठराला भोक पडलेलं त्याला आढळलं होतं. रोग नव्हता, जखम नव्हती. मृत्यूनंतर जठराने आपलीच भिंत पचवली होती. म्हणजे पचवण्याची ताकद होतीच, जिवंतपणी काहीतरी तिला आवरून धरत होतं. शव वेळेत जतन केलं नाही तर आतलं अस्तर आधी जातं, हे विच्छेदन कक्षात काम केलेल्या कोणालाही ठाऊक असतं.

आवरून धरणारं ते काय, हे समजायला आत डोकावू. जठर मोठ्या कडेने, म्हणजे बाहेरच्या फुगीर बाजूने, कापून उघडायचं आणि नळाखाली हलक्या हाताने धुवायचं. आत गुळगुळीत पिशवी असेल या समजुतीने मुलं वाकून बघतात आणि दिसतात जाड जाड सुरकुत्या. मोठ्या कडेपाशी त्या वेड्यावाकड्या, एकमेकींत गुंतलेल्या असतात, तर छोट्या, आतल्या कडेपाशी सरळ लांबट चुण्या वरून खाली गेलेल्या. जठर भरलं की या सुरकुत्या ताणून सपाट होतात. आता भिंग घे. सुरकुतीच्या अंगावर सुईच्या टोकाएवढी बारीक छिद्रं दाटीवाटीने दिसतील. प्रत्येक छिद्राच्या तळाशी ग्रंथींच्या नळ्या उघडतात आणि त्या नळ्यांत वेगवेगळ्या पेशी आपापलं काम करत बसलेल्या असतात. पराइटल पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतात. चीफ पेशी पेप्सिनोजेन सोडतात. इथे मेख बघ. पेप्सिनोजेन तयार होताना निरुपद्रवी असतं. पोकळीत येऊन आम्लाशी गाठ पडली की मगच त्याचं पेप्सिन होतं आणि ते प्रथिनं तोडू लागतं. हत्यार कारखान्यात उघडं ठेवायचंच नाही, असा बंदोबस्त.

वरच्या थरातल्या पेशी दाट, चिकट श्लेष्म सोडतात आणि त्या श्लेष्माच्या खाली आम्ल मारणारं बायकार्बोनेट झिरपत राहतं. पोकळीत पीएच दीड-दोनच्या घरात असतो (हा आकडा जितका लहान तितकं आम्ल कडक). श्लेष्माच्या थरातून पेशींपाशी पोचेपर्यंत तो जवळजवळ सातवर, म्हणजे पाण्यासारखा, येतो. हे अंतर मिलिमीटरचाही छोटा अंश आहे. शिवाय पृष्ठभागावरच्या पेशी काही दिवसांत झडून जातात आणि त्यांच्या जागी नव्या येतात, साधारण तीन ते पाच दिवसांत सगळं अस्तर नवं. या कामाला सतत रक्तपुरवठा लागतो. मृत्यू झाला की रक्त थांबतं, दुरुस्ती थांबते, आम्ल मात्र आधीचं शिल्लक असतं. हंटरला दिसलेल्या भोकांचं उत्तर हे.

आम्ल हायड्रोक्लोरिकच आहे हे विल्यम प्राउटने १८२४ मध्ये दाखवलं, पेप्सिन थिओडोर श्वानने १८३६ मध्ये. याच सुमारास एक विलक्षण प्रकरण घडलं. १८२२ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला जवळून बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण जठरातून बाहेर उघडणारं एक भोक डाव्या बरगडीखाली कायमचं राहिलं. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट याने रेशमाच्या दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले, ठराविक वेळाने ओढून पाहिले, आतला रस काढून बाटलीत कोमट ठेवला. बाटलीतही मांस विरघळलं. पचन म्हणजे नुसतं दळणं किंवा कुजणं नव्हे, ते रसायन आहे, याचा हा ढळढळीत पुरावा होता. बोमाँटचं पुस्तक १८३३ मध्ये निघालं. बिचाऱ्या सेंट मार्टिनला हे प्रयोग नकोसे झाले होते, तो मधेच निघूनही गेला होता. त्याची बाजू पुस्तकांत फार कमी येते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

कमी खाल्लं की जठर लहान होतं का?

मोजपट्टीने मोजावं असं लहान होत नाही. घास गिळताच जठराचा वरचा भाग आपणहून सैल पडतो, व्हेगस नावाच्या मज्जातंतूच्या हुकमाने. हा सैल पडण्याचा गुण सवयीने कमी-जास्त होऊ शकतो, त्यामुळे थोडक्यात पोट भरल्यासारखं वाटू लागतं. पिशवी तीच राहते. शस्त्रक्रियेने कापली तरच खरी लहान होते.

माझ्या एन्डोस्कोपीच्या रिपोर्टात लिहिलं आहे: 'जीई जंक्शन ३९ सेंमी, फंडस व बॉडी नॉर्मल, अँट्रममध्ये लाली, बायोप्सी घेतली.' डॉक्टरांना वेळ नव्हता. हा नकाशा मला समजावून सांगाल का? – बँकेतून निवृत्त झालेला एक वाचक

नकाशाच आहे तो, आणि दुर्बीण ज्या वाटेने गेली त्याच क्रमाने लिहिलेला आहे. ३९ सेंटिमीटर हे पुढच्या दातांपासून मोजलेलं अंतर. अन्ननलिका संपून जठर सुरू होतं ती जागा मोठ्या माणसात साधारण चाळिसाच्या आसपास येते. तुमची तिथेच आहे. या सीमेवर अस्तराचा रंग एकदम बदलतो, अन्ननलिकेचं फिकट आणि जठराचं लालसर, आणि ती रेघ नागमोडी असते. दुर्बिणीतून पाहणाऱ्याला ती चुकत नाही.

आत शिरल्यावर जठर खाली जातं, पण त्याचा एक घुमट तोंडाच्याही वर, डाव्या श्वासपटलाखाली चढलेला असतो. तो फंडस. तिथे गिळलेली हवा साठते. छातीच्या एक्स-रेत डाव्या बाजूला खाली जो काळा फुगा दिसतो तो तोच. फंडस बघायला दुर्बीण आत गेल्यावर स्वतःकडे वळवावी लागते, त्यामुळे पडद्यावर दुर्बिणीची स्वतःचीच काळी नळी दिसते. फंडसखालचा मोठा भाग म्हणजे बॉडी. आम्ल तयार करणारी बहुतेक यंत्रणा फंडस आणि बॉडीत. मग आतली कड एके ठिकाणी ठळकपणे मुडपते आणि तिथून पायलोरसपर्यंतचा शेवटचा भाग म्हणजे अँट्रम.

अँट्रम आम्ल फारसं करत नाही, पण आम्ल किती करायचं हे ठरवण्यात त्याचा हात असतो. तिथल्या जी-पेशी गॅस्ट्रिन हे संप्रेरक रक्तात सोडतात आणि ते फिरून वरच्या भागाला कामाला लावतं. शिवाय अँट्रम ही चक्की आहे. जठराच्या भिंतीत स्नायूंचे तीन थर असतात: उभा, गोल आणि तिरपा. तिरपा थर पचनमार्गात इतरत्र नाही. मोठ्या कडेच्या वरच्या अंगाला लाटांचा ताल धरणाऱ्या पेशी आहेत. मिनिटाला तीन लाटा निघतात आणि अँट्रमकडे जाता जाता जोर धरतात. पायलोरस मात्र किंचितच उघडा असतो. एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठा तुकडा आला की तो परत मागे ढकलला जातो आणि पुन्हा दळला जातो. विच्छेदनात पायलोरस अंगठा आणि तर्जनीत धरून बघायला मी मुलांना नेहमी सांगे. मऊ भिंत चाचपत पुढे जाताना एकदम जाड, घट्ट कडं हाताला लागतं. एकदा बोटांना कळलं की चित्र लागत नाही.

अँट्रममधूनच बायोप्सी, म्हणजे तपासायला अस्तराचा तुकडा, का घेतली? हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू तिथे बहुधा सापडतो म्हणून. एवढ्या आम्लात जिवाणू जगेलच कसा, असं डॉक्टर मंडळी ठामपणे म्हणत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे रॉबिन वॉरनला अस्तराच्या तुकड्यांत तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होता, पण त्याचा सहकारी बॅरी मार्शल याच्या प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नव्हता. बशा दोन दिवसांत टाकून दिल्या जात. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुटीमुळे त्या जास्त दिवस राहिल्या आणि जिवाणू उगवून आला. तरी कोणी ऐकेना, तेव्हा मार्शलने १९८४ मध्ये तो जिवाणू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. तुमच्या बायोप्सीत तो निघाला तर त्यावर ठरलेला औषधोपचार आहे. नुसती 'लाली' हा शब्द वाचून मात्र झोप घालवू नका. दुर्बिणीतली लाली आणि सूक्ष्मदर्शकाखालची सूज यांचं नेहमी जुळतंच असं नाही. बायोप्सीचा अहवाल हातात घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि या वेळी वेळ मागूनच घ्या.

वडिलांना रात्री आंबट पाणी घशाशी येतं. डॉक्टरांनी डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं. हे खरंच शास्त्र आहे का?

आहे, आणि ते तोंडाच्या जागेत आहे. अन्ननलिका जठराच्या माथ्यावर उघडत नाही. ती उजव्या बाजूने, तिरपी शिरते, आणि घुमट तिच्या डावीकडे वर असतो. डाव्या कुशीवर झाल्यावर घुमट आणि बॉडी खाली जातात, आम्ल तिथे साचतं, तोंड वर राहतं. उजव्या कुशीवर नेमकं उलट: साचलेलं पाणी तोंडावरच येतं. उशाकडची बाजू थोडी उंच केली, आणि जेवण व झोप यांत दोन-तीन तास ठेवले, तर अजून बरं. गिळताना अडकत असेल किंवा वजन उतरत असेल, तर मात्र कुशी बदलत बसू नका, तपासणी करा.

दादाचं जठर कर्करोगामुळे पूर्ण काढलं. आम्ही घाबरलो होतो, पण तो जेवतो आहे! जठराशिवाय माणूस जगतो तरी कसा? त्याला कायम इंजेक्शन कशाचं देतात? – एक बहीण

ताई, दादा जेवताहेत हे वाचून बरं वाटलं. अन्नाचं बहुतेक पचन आणि जवळजवळ सगळं शोषण लहान आतड्यात होतं. जठर हे कोठार, चक्की आणि दरवाजा. ही तिन्ही कामं जेवणाच्या सवयी बदलून बरीचशी भागवता येतात. अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडतात. खालचा भाग काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया थिओडोर बिलरोथने व्हिएन्नात १८८१ मध्ये केली, आणि सबंध जठर काढूनही रुग्ण जगतो हे कार्ल श्लाटरने झुरिकमध्ये १८९७ मध्ये दाखवलं. म्हणजे ही वाट जुनी, मळलेली आहे.

कोठार गेल्यामुळे एका वेळी थोडंच, पण दिवसातून सहा-सात वेळा खावं लागतं. दरवाजा गेल्यामुळे गोड आणि पातळ पदार्थ एकदम आतड्यात उतरतात. मग जेवल्यावर अर्ध्या तासात धडधड, घाम, मुरडा, गळून गेल्यासारखं होतं. त्याला डंपिंग म्हणतात. गोड कमी, जेवताना पाणी कमी, घास सावकाश, एवढ्यानं बहुतेकांचं निभावतं.

इंजेक्शन बी-१२ चं. पराइटल पेशी आम्लाबरोबर 'इंट्रिन्सिक फॅक्टर' नावाचं प्रथिनही सोडतात. त्याने धरल्याशिवाय बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला नीट शोषलं जात नाही. जठराचं हे एकच काम असं आहे की त्याला आतड्यात पर्याय नाही. यकृतात बी-१२ चा साठा काही वर्षं पुरेल एवढा असतो, आणि खरा धोका तिथे आहे. पहिली दोन वर्षं सगळं ठीक वाटतं, मग 'कशाला हवं इंजेक्शन' असं म्हणून कोणीतरी ते सोडतं आणि पुढे रक्त कमी होतं, हातापायांना मुंग्या येतात. मज्जातंतूंचं नुकसान दरवेळी भरून येत नाही. दादांच्या इंजेक्शनची तारीख तुम्हीच लिहून ठेवा. लोह आणि कॅल्शियमही अधूनमधून तपासून घ्या.

सोनोग्राफीत कळलं की माझं जठर उजवीकडे आणि यकृत डावीकडे आहे. आजवर काही त्रास नाही. काही करावं लागेल का?

काही नाही. छाती-पोटातले सगळे अवयव आरशातल्याप्रमाणे अदलाबदल होऊन बसतात, साधारण दहा हजारांत एकाच्या. सगळेच उलटे असले की त्यांचं आपसातलं नातं बिघडत नाही, म्हणून बहुतेकांना त्रास नसतो. पण हृदयही उजवीकडे आहे का, हे एकदा पाहून घ्या. आणि तुम्हाला तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला हे आधी सांगा. अपेंडिक्स सुजलं तर तुमचं दुखणं डावीकडे निघेल, ईसीजीच्या तारा उलट्या बाजूला लावाव्या लागतील, आणि एक्स-रे हातात घेणारा तो उलटा धरला आहे असं समजून सरळ करायला जाईल. फाइलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात लिहून ठेवा, पाकिटातही एक चिठ्ठी असू द्या.